खुडूक

सहा चाळीस. बसलेली.
सात पाच. बसलेली.
सात बावीस. उठली.
वहीत लिहायचे चारशे रुपये रोज,
शिवाय एक दुर्बीण, तिचा डावा डोळा धुरकट.

बेहड्याच्या शेंड्याला काकणघारीचं घरटं.
मी लग्न होऊन या गावात आले तेव्हाही होतं,
दरसाल चार काटक्यांनी वाढत आता खाटेएवढं झालंय.
खाली शिंगटीचे काटे, दर्यातल्या सापांचे मणके,
पावसात धुऊन पांढरे पडलेले.

मिनाझ मॅडमनी रकाने आखून दिले:
तारीख, बसली, उठली, परतली, शेरा.
म्हणाल्या, फुलाताई, फक्त वेळ लिहा.
का उठली ते लिहू नका,
का ते आपल्याला अजून माहीत नाही.

उठते म्हणजे शिकारीला जात नाही.
नर बोय टाकून गेलाय, ती तशीच पडलीय.
ही शेजारच्या फांदीवर बसून खाडीकडं बघते,
चुलीवर दूध ठेवून पडवीत आलेली बाई
कशाला आले म्हणून उभी राहते ना, तशी.
सात एकावन्न. फांदीवरच.
उत्तरेचा वारा, बोचरा.
वर अंडी दोन.

माझी तांबडी गेल्या शिमग्यात खुडूक झाली.
खालची अंडी काढून घेतली, तरी उठेना.
पाण्यात बुडवली, नाकात पीस ओवलं,
जी काय औषधं सासूनं सांगितली ती केली,
तर पाटीतल्या करवंटीवर जाऊन बसली
आणि हात घातला तर रक्त काढलंन.
मला वाटायचं
या वेडावरच तर चाललंय सगळ्या पाखरांचं.
हे वेड पातळ होतं, ताकासारखं,
कुणी वरून पाणी घालत राहिलं तर,
हे ठाऊक नव्हतं.

वरच्या अंगाला कारखाने.
रात्री दोनला नळी सोडतात.
घड्याळ लागत नाही, वासानं जाग येते.
सकाळी गंगारामभावजी जाळं ओढतात,
मेलेलं फेकून देतात.
तिरकी पोहणारी, अर्धवट शुद्धीतली बोय
घारीला सोपी पडते.
आम्हालाही.

मॅडम म्हणतात, पारा असू शकतो.
चिखलातून माशात, माशातून रक्तात,
रक्तातून डोक्यात, जिथून
बसून राहा, बसून राहा, असं कुणीतरी सांगत असतं.
असू शकतं, ताई. एका घरट्यावरून बोलता येत नाही.
चाळीस घरटी लागतील, सहा-सात वर्षं लागतील.
मी म्हटलं, ती अंडी तांबडीखाली ठेवू?
त्या हसल्या, मग हसायच्या थांबल्या.
कंपनीवर गावात इतके मोर्चे गेले,
पण आवाज न चढवता बोलणारं
हेच पहिलं माणूस.

एकोणचाळीस. चाळीस. बेचाळीस.
घरट्यातून आवाज नाही.
पंचेचाळिसाव्या दिवसापासून
ती उठेनाशी झाली.
नर आला, गेला. वारा पडला.
भर उन्हात चोच उघडी टाकून धापा टाकते,
पंख जरा फाकवून सावली धरते,
ज्याला सावलीचं आता काही नाही, त्याच्यावर.

मी पानामागून पान
बसलेली लिहितेय.
बसलेली. बसलेली.
मॅडमना फोन लावला, त्या बराच वेळ गप्प.
म्हणाल्या, हेही लिहा.

बावन्नावा दिवस.
सहा दहा. बसलेली.
भावजींनी दारात परडी ठेवली,
तीन बोयी, एकीची शेपटी अजून हलत होती.
पोरं भुकेली. मी विळी घेतली.

रात्री पहिल्यांदाच
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
आज आमच्याकडंही तेच जेवण.